आउटबोर्डच्या रिंगा बदलल्या म्हणून पैसे घेतले आणि हेड उघडलंच नव्हतं

नवी मुंबईत दिवाळे, सारसोळे, वाशी गाव, ऐरोलीकडे ज्यांच्या होडीला छोटं आउटबोर्ड (होडीच्या मागे लावायचं इंजिन) आहे त्यांच्यासाठी लिहितोय. पावसाळ्यातली मासेमारीची बंदी उठली की सगळ्यांची मशीनं एकदम कुरकुरायला लागतात आणि काही लोकांचा खरा सीझन तेव्हाच चालू होतो.

आमचं मशीन यामाहाचं 15 हॉर्सपावर, टू-स्ट्रोक, दोन सिलिंडरचं. जून-जुलै उभं होतं. बंदीनंतर पाण्यात उतरवलं तर दोरीला लगेच स्टार्ट, न्यूट्रलला कसंबसं चालतंय, पण गिअर टाकला की भकभक करून बंद. रेस जोरात देऊन एकदा वर नेलं की मात्र मस्त पळतंय. लांब जाणाऱ्याला हे चालून जाईल पण खाडीत जाळं ओढताना स्लो स्पीडलाच जोर लागतो, उधाणाची ओहोटी लागली की होडी प्रवाहावर धरून ठेवायची असते आणि नेमकं तिथे मशीन बसलं की होडी थेट चिखलात.

मशीन टेम्पोत घालून हायवेलगतच्या एका गॅरेजला नेलं. मिस्त्रीने दोरी दोनदा ओढली, कान लावल्यासारखं केलं आणि म्हणाला, "दादा, रिंगा गेल्यात, कॉम्प्रेशनच नाय राहिलं." रिंगा म्हणजे पिस्टनवरच्या कड्या, त्या झिजल्या की सिलिंडरमधला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, गळतो. हा दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज त्याच्या भिंतीवर टांगलेलं होतं, ते खाली काढलंच नाही. रिंग सेट, हेड गॅस्केट (हेड म्हणजे सिलिंडरच्या झाकणाखालची पट्टी), कार्बोरेटर (पेट्रोल-हवा मिसळणारा भाग) सर्व्हिस, मजुरी असे 18,500 सांगितले. जुने पार्ट परत पाहिजेत असं मी आधीच बोललो होतो, तो लगेच हो म्हणाला, आणि देताना पिशवीत काळ्याकुट्ट रिंगा बरोबर दिल्यापण.

डिलिव्हरीच्या वेळी पाण्याच्या ड्रममध्ये चालवून दाखवलं. एकदम टकाटक, बंद पडायचं नाव नाही. होडीला लावलं तर बंद पडत नव्हतं हे खरं पण गिअर टाकला की खाडकन आवाज, आणि स्लोला जोर काडीचा नाही. पहिल्यासारखंच.

मग आमच्या बंदरावरचे एक जुने काका आहेत, हयात मशीनं खोलण्यात गेली, त्यांना बोलावलं. त्यांनी कव्हर काढलं आणि हेडच्या बोल्टांकडे बघूनच हसायला लागले. "अरं, ह्ये हेड कुनी उघडलंच नाय!" बोल्टांवर कंपनीचा कलर जसाच्या तसा, एका पण डोक्याला पाना लागल्याची खूण नाही, खाचेत मीठ साचलेलं ते पण तसंच. हेड न काढता नवीन हेड गॅस्केट बसवलं म्हणजे मिस्त्री जादूगारच म्हणायचा. मग पिशवीतल्या रिंगा काढल्या. आमच्या मशीनचा बोअर (सिलिंडरची आतली रुंदी) 56 एमएम, आणि या रिंगेची टोकं जुळवून व्हर्नियर लावला तर 60 च्या वर, दुसऱ्याच कुठल्यातरी इंजिनाचा भंगार आम्हाला चिकटवलेला.

आणि ड्रममध्ये बंद का पडत नव्हतं, तर मिस्त्रीने आयडलचा (रेस न देता चालण्याच्या स्पीडचा) स्क्रू पिळून आरपीएम वर नेऊन ठेवलेला. ड्रममध्ये पंख्यावर होडीचा लोड नसतो त्यामुळे ऐकायला गोड वाटतं, पण एवढ्या रेसवर गिअर टाकला की खालचा डॉग क्लच (गिअर जोडणारे दाते) आपटतो, तो खाडकन आवाज त्याचाच. म्हणजे पैसे तर खाल्लेच, वर गिअरबॉक्सचीपण वाट लावायला निघाला होता.

खरा फॉल्ट कार्बोरेटरमध्ये होता. स्लो स्पीडला पेट्रोल छोट्या पायलट जेटमधून (बारीक भोकाच्या नळीतून) येतं, फुल रेसला मोठ्या मेन जेटमधून. मशीन दोन महिने उभं राहिलं की बाऊलमधलं पेट्रोल उडून जातं, ऑइल आणि चिकटा खाली राहतो आणि पहिलं बुजतं ते छोटं भोक. त्यात आता पंपावरचं पेट्रोल 20 टक्के इथेनॉलचं, ते हवेतला ओलावा ओढतं, जास्त झालं की पाणी तळाला बसतं. काकांनी आधी अर्धा चोक (हवा कमी करून पेट्रोल वाढवणारी पट्टी) ओढून गिअर टाकायला लावला, मशीन बंद न पडता खेचायला लागलं, म्हणजे स्लोला पेट्रोल कमी पडतंय हे तिथेच कळलं. मग एकेका प्लगची वायर काढून, काढलेली वायर मशीनच्या बॉडीला टेकवून (नाहीतर ठिणगी देणारं सीडीआय युनिट जळायची भीती) दोन्ही सिलिंडर काम करतायत का बघितलं. गेज लावलं तर दोन्हीकडे जवळपास सारखंच कॉम्प्रेशन. जेट काढून हवेने साफ केला, मिक्स्चर स्क्रू सेट केला, आयडल खाली आणला. झालं. हे करूनही सुधारलं नसतं तर पुढे रीड वाल्व्ह (आत येणारं मिश्रण मागे न जाऊ देणारी पातळ पाती) नीट बसतायत का बघणार होते, त्यांची पाती तुटली तरी स्लोलाच जोर जातो. रिंगांचं नाव त्यांनी घेतलंच नाही, कारण रिंगा पार गेलेलं मशीन सहसा दोरीला असं लगेच स्टार्ट होत नाही आणि वरच्या स्पीडलाही असं पळत नाही.

आम्ही चार जण बोल्टचे फोटो आणि रिंगा घेऊन गॅरेजला गेलो. आधी म्हणे पोराने चुकून दुसरी पिशवी दिली. मग बोल्ट कसे काय, तर म्हणे आम्ही कलर मारून देतो. कलर मिठावरून मारतोस काय, असं काकांनी विचारल्यावर आवाज चढला, "धंद्याचं मशीन आहे, ग्राहक कोर्टात चालत नाय." हे साफ खोटं. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात फक्त स्वतःच्या पोटापाण्यासाठी स्वरोजगार करणारा माणूस ग्राहकच धरतात, 5 लाखापर्यंतच्या तक्रारीला फी पण नाही, आणि त्याआधी 1915 या हेल्पलाइनला फोन करता येतो. मी तिथेच उभा राहून 1915 लावला आणि स्पीकरवर टाकला. रिंग सेट आणि गॅस्केटचे पैसे त्याने गल्ल्यातून काढून दिले. मजुरी आणि कार्बोरेटर सर्व्हिसचे अजून अडवून ठेवलेत, म्हणून त्यानेच हाताने लिहून दिलेली चिठ्ठी, फोटो आणि त्या रिंगा जोडून तक्रार टाकली आहे. कोणाला अशाच परक्या मापाच्या रिंगा मिळाल्या असतील तर फेकू नका, मापासकट फोटो काढून ठेवा आणि मला कळवा, एकत्र जोडता येतील.