गनसन कलरट्यून: काचेतून मिक्श्चर दिसतं, टायमिंग नाही

कलरट्यून म्हणजे गनसन कंपनीचा काचेचा स्पार्क प्लग. नेहमीचा प्लग काढून हा बसवायचा आणि सिलिंडरमध्ये पेट्रोल कसं जळतंय ते थेट बघायचं. एसयू, झेनिथ, सोलेक्स असे कार्बोरेटर असलेल्या जुन्या इंजिनांचं मिक्श्चर, म्हणजे हवा-पेट्रोलचं प्रमाण, लावायला इतकं सरळ साधन दुसरं नाही. पण ते हातात घ्यायचं सगळ्यात शेवटी. बहुतेक जण सुरुवातच त्याने करतात आणि मग कार्बोरेटरला दोष देत बसतात.

आधी टॅपेट (व्हॉल्व्हची फट), मग पॉइंट (ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारे डिस्ट्रिब्युटरमधले संपर्क). लुकास 25डी डिस्ट्रिब्युटरमध्ये पॉइंटचा गॅप 0.35 ते 0.40 मिमी. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, पुढे सरकतं (ठिणगी लवकर पडते). पॉइंटची टाच झिजली की गॅप मिटत जातो आणि टायमिंग मागे पडतं (ठिणगी उशिरा पडते). त्यामुळे टायमिंग लावून झाल्यावर गॅपला हात लावला, तर टायमिंग पुन्हा बघावंच लागतं.

टायमिंगसाठी पुलीवरच्या खाचेत खडूने पांढरी रेघ ओढा, व्हॅक्यूमची नळी काढून तिचं तोंड बंद करा, इंजिन मंद स्लोवर ठेवा आणि टायमिंग लाइट मारा. डिस्ट्रिब्युटर आत फिरणाऱ्या रोटरच्या उलट दिशेला फिरवला की अ‍ॅडव्हान्स (टायमिंग पुढे), रोटरच्या दिशेने फिरवला की रिटार्ड (टायमिंग मागे). मग हळूहळू रेस द्या. रेघ एकसारखी सरकली पाहिजे. अडकून एकदम उडी मारत असेल, तर वेगाबरोबर टायमिंग पुढे नेणारी आतली वजनं वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटली आहेत किंवा स्प्रिंग गेली आहे. असा डिस्ट्रिब्युटर दुरुस्त न करता मिक्श्चरमागे लागणं म्हणजे नुसता वेळ घालवणं.

आता कलरट्यून. तो 10, 12, 14 आणि 18 मिमी आट्यांत मिळतो. जुन्या गाड्यांना बहुधा 14 चालतो, तरी आपला प्लग मोजून घ्या. तो हलक्या हाताने आवळा, काच आहे. इंजिन पूर्ण तापलेलं, चोक पूर्ण आत ढकललेला (वापरात नसलेला) आणि एअर फिल्टर जागेवर हवा. फिल्टर काढून लावलेलं मिक्श्चर फिल्टर चढवल्यावर रिच (पेट्रोल जास्त) होतं. वर आरशाची नळी लावून बघा. पिवळट नारिंगी म्हणजे रिच, गॅसच्या शेगडीसारखा निळा म्हणजे बरोबर, फिकट पांढुरका निळा म्हणजे लीन (पेट्रोल कमी). भर उन्हात निळा आणि पांढुरका यांतला फरक कळत नाही, सावलीतच काम करा.

एसयूमध्ये जेटखालचा (पेट्रोल सोडणाऱ्या नळीखालचा) नट खाली नेला की रिच, वर नेला की लीन. आधी नारिंगी दिसेपर्यंत रिच करा, मग षटकोनी नटाची एकेक बाजू वर घेत नारिंगी जेमतेम नाहीसा होतो तिथे थांबा. पडताळा म्हणून कार्बोरेटरचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचला. आरपीएम क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर ठीक, वाढलेलाच राहिला तर रिच, इंजिन बंद पडायला आलं तर लीन.

या प्लगची खरी करामत वेगळीच आहे. थ्रॉटलला एक झटका द्या: क्षणभर नारिंगी चमक दिसलीच पाहिजे. तिथे पांढुरकं होऊन इंजिन अडखळलं, तर एसयूच्या डॅशपॉटमध्ये (पिस्टनची हालचाल आवरणाऱ्या वरच्या घुमटात) तेल नाही किंवा सोलेक्सचा अ‍ॅक्सिलरेटर पंप (थ्रॉटल दाबताच जादा पेट्रोल मारणारा) मारत नाही. गाडी उचलत नाही या तक्रारीचं कारण इतक्या चटकन दुसरं कुठलंही साधन दाखवत नाही. नट कितीही खाली नेला तरी पांढुरकंच राहत असेल, तर मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा खेचली जातेय.

उणिवा आहेतच. एका वेळी एकच सिलिंडर दिसतो. जोड कार्बोरेटर असतील तर आधी दोन्हींची हवा सारखी करून मग प्रत्येकावरचा एकेक सिलिंडर बघावा लागतो. तेल जाळणाऱ्या इंजिनात काच काही मिनिटांत काळी होते, तिथे हा प्लग घेऊच नये. दिसतं ते स्लो आणि हलक्या थ्रॉटलचं. चढावर नीडल (जेटमधून येणारं पेट्रोल मोजणारी सुई) बरोबर आहे का, ते यातून कळणार नाही. आणि टायमिंग चार अंश मागे असलं तरी ज्योत निळीच दिसते, गाडी मात्र तापते आणि दमते.

इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल भरत असाल तर जुनी सेटिंग थोडी लीन पडते, ते काचेत लगेच दिसतं. मिक्श्चर जमलं की आरपीएम वाढतो. स्लोचा स्क्रू कमी करून टायमिंग परत एकदा तपासा. काच गार झाल्यावरच पुसा आणि रस्त्यावर निघण्याआधी नेहमीचा प्लग परत लावा, कारण लोडखाली चालवायला हा बनवलेला नाही.