‘अनलिमिटेड मेल’च्या अठरा हजारांत आमची नऊ वर्षांची गिऱ्हाइकं गेली

नाशिकमध्ये कोणी तुमच्या दुकानात, ऑफिसात किंवा स्टॉलवर येऊन ‘वर्षभर अनलिमिटेड ईमेल, फक्त अठरा हजारांत’ असं सांगू लागलं, तर पैसे देण्याआधी हे वाचा. २०२५ च्या हंगामात आमच्या बाबतीत जे झालं ते मी आकड्यांसकट लिहिते आहे.

दिंडोरी तालुक्यात आमची सात एकर द्राक्षबाग आहे. बाग भाऊजी बघतात, विक्री मी बघते. २०१६ पासून निम्मा माल व्यापाऱ्याला न देता आम्ही थेट मुंबई-पुण्याच्या घरांमध्ये पोचवतो. थॉमसन आणि सोनाका, दोन-दोन किलोच्या पेट्या. पहिली नावं मी प्रदर्शनातल्या स्टॉलवर वहीत लिहून घेतली होती. मग एका सोसायटीतून दुसरीत, एका बँकेच्या शाखेतून दुसऱ्या शाखेत असं करत २०२४ संपताना एक्सेलमध्ये ११,४०० ईमेल पत्ते झाले होते. प्रत्येक ओळीत नाव, पत्ता, मागच्या वर्षी किती पेट्या घेतल्या, कोणाला आंबूस चालतात, कोणाला पूर्ण पिवळे मणी लागतात, हे सगळं मी स्वतः टाइप केलेलं.

व्हॉट्सअ‍ॅप का नाही, असं बरेच जण विचारतात. ब्रॉडकास्टच्या एका यादीत २५६ लोक बसतात, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज जातच नाही. ईमेलचं तसं नाही. ऑफिसातला एकजण आमचा मेल सगळ्या मजल्याला पाठवतो आणि चाळीस पेट्यांची ऑर्डर एकत्र येते. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला मेल जायचा: बागेचे फोटो, साखर किती उतरली, भाव काय, कोणत्या वारी कोणत्या भागात गाडी येणार.

अडचण पाठवण्याची होती. साध्या जीमेलवरून दिवसाला ५०० च्या वर मेल जात नाहीत. म्हणजे अकरा हजारांना तेवीस दिवस. माल काढणीला आल्यावर तेवीस दिवस कोण थांबणार? नावाजलेल्या सेवा यादीतल्या पत्त्यांच्या संख्येवर, दर महिन्याला, डॉलरमध्ये पैसे घेतात. आम्ही वर्षाला चारच मेल पाठवतो. तेवढ्यासाठी तो खर्च मला जड वाटला.

नेमका त्याच वेळी, डोंगरे वसतिगृह मैदानावरच्या प्रदर्शनात, हा मुलगा आमच्या स्टॉलवर आला. सत्तावीस-अठ्ठावीसचा असेल. बोलणं गोड, कॉलेज रोडला ऑफिस असल्याचं कार्ड. “ताई, तुम्ही टेन्शनच घेऊ नका. आपला स्वतःचा सर्व्हर आहे. तुम्ही अकरा हजार पाठवा नाहीतर अकरा लाख पाठवा. अठ्ठ्याण्णव टक्के इनबॉक्सची गॅरंटी.” वर “नाशिक-मुंबई-पुण्याचे दोन लाख प्रीमियम पत्ते तुम्हाला फ्री देतो,” असंही म्हणाला. ते नकोत, आमचीच माणसं पुरेत, असं मी त्याला दोनदा सांगितलं. त्याने मान डोलावली.

त्याने तिथेच उभ्या उभ्या डेमो दाखवला. आमचं नाव, द्राक्षाचा फोटो, मोठं ‘ऑर्डर करा’ बटण. मेल माझ्या आणि यांच्या जीमेलमध्ये दोन मिनिटांत, थेट इनबॉक्समध्ये. माझा विश्वास बसला तो तिथे. तो मेल मी नंतर कॉम्प्युटरवर उघडून कोपऱ्यातल्या तीन ठिपक्यांमधून ‘शो ओरिजिनल’ करून पाहिला. त्याच्या कुठल्याही सर्व्हरवरून तो आलेलाच नव्हता. एका साध्या जीमेल खात्याला आमचं नाव लावून त्याने हाताने पाठवला होता. दोन माणसांना जीमेलवरून पाठवलेला मेल इनबॉक्समध्ये पडणारच. कोणी डेमो दाखवला तर पहिलं काम हे करा, एक मिनिट लागतं.

ठरले अठरा हजार. दहा आधी, आठ पहिला मेल गेल्यावर. पैसे फर्मच्या खात्यावर न घेता त्याने स्वतःच्या मोबाइल नंबरवर यूपीआयने घेतले. बिल मागितलं तर “जीएसटी लावलं तर अठरा टक्के वाढतील ताई, तुमच्यासाठीच सांगतोय.” मग त्याने दोन गोष्टी मागितल्या: एक्सेलची फाइल आणि आमच्या डोमेनचा, म्हणजे आमच्या ईमेल पत्त्यात ‘@’ नंतर येणाऱ्या नावाचा, लॉगिन. “डीएनएसमध्ये दहा मिनिटांचं काम आहे.” डीएनएस म्हणजे त्या डोमेनच्या नोंदी. मी दोन्ही दिलं.

पहिला मेल १३ जानेवारीला गेला. एरवी पहिल्या दोन दिवसांत साठ-सत्तर ऑर्डरी येतात आणि फोन ठेवायला उसंत नसते. या वेळी दोन दिवसांत नऊ आल्या. तिकडे भाऊजी रोज संध्याकाळी फोन करून साखर सांगत होते: अठरा, साडेअठरा, एकोणीस. त्या मुलाचा रिपोर्ट मात्र रंगीत होता. पाठवले ११,४००, पोचले ११,२३६, उघडले ६,९०४. “ताई, लोक वाचतायत. पेमेंटला वेळ लागतो.” उरलेले आठ हजारही मी त्याच रात्री देऊन टाकले.

१७ तारखेला मी त्या रिपोर्टची पूर्ण यादी मागवून एकेक नाव बघत बसले. बाराशेच्या आसपासच्या ओळीला माझाच एक जुना पत्ता होता. लग्नाआधी मी अंबडच्या एका कारखान्यात नोकरीला होते, तिथला. तो कारखाना केव्हाच बंद पडला, त्याचं डोमेनही गेलं. यादीतून तो पत्ता काढायचा राहिला होता, एवढंच. रिपोर्टमध्ये त्याच्यासमोर लिहिलं होतं: पोचला, उघडला, दोनदा. वेळसुद्धा दिली होती, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटं. जो पत्ता जगात अस्तित्वात नाही त्याने आमचा मेल दोनदा वाचला होता. मी ती ओळ यांना दाखवली. ते काही बोलले नाहीत, फक्त भाऊजींना फोन करून म्हणाले, “व्यापाऱ्याला बोलाव.”

त्या वर्षी थेट विक्रीसाठी राखलेला बहुतेक माल व्यापाऱ्याच्या भावाने गेला. पिकलेला घड वेलीवर वाट बघत नाही. घाईत बोलावलेल्या व्यापाऱ्याला आपली घाई कळते, आणि तो भाव त्याप्रमाणेच लावतो.

पण नुकसान एवढ्यावर थांबलं नाही. पुढच्या आठवड्यात आमचे रोजचे मेलही परत येऊ लागले. कॅनडा कॉर्नरला आमचे सीए बसतात, त्यांना कागदपत्रं पाठवली तर पाचच मिनिटांत ‘५५०’ आकड्याने सुरू होणारं, मेल नाकारल्याचं इंग्रजी पत्र परत. पुण्याच्या शीतगृहाला पाठवलेला मेल त्यांच्या स्पॅममध्ये. मी त्या मुलाला विचारलं तर म्हणाला, “गुगलचे नवीन नियम आहेत ताई, सगळ्यांनाच त्रास आहे. सहा हजार भरा, तुमचं नाव व्हाइटलिस्ट करून देतो.”

इथे माझी भाची मध्ये पडली म्हणून ते सहा हजार वाचले. ती संगणक अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. “मावशी, थांब, एक पैसा देऊ नकोस,” म्हणाली आणि रात्री एक वाजेपर्यंत सगळं उकलत बसली. तिने जे समजावलं ते माझ्या शब्दांत सांगते.

नियम खरे होते, पण नवीन नव्हते. फेब्रुवारी २०२४ पासून गुगल आणि याहूने मोठ्या संख्येने मेल पाठवणाऱ्यांना अटी घातल्या आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला ५,००० च्या वर मेल जात असतील तर एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही नोंदी डोमेनवर हव्यात. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने पाठवायची परवानगी कोणत्या सर्व्हरला आहे त्याची यादी, डीकेआयएम म्हणजे मेलवरची सही, आणि या दोन्हींत गडबड दिसली तर काय करायचं ते डीमार्क सांगतो. जाहिरातीच्या मेलला एका क्लिकमध्ये नाव काढण्याची सोय हवी. आणि ‘हा स्पॅम आहे’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं, म्हणजे हजारात तीन माणसं चिडली की संपलं. आमच्या मेलला डीकेआयएम नव्हता, डीमार्क नव्हता, नाव काढायचं बटणही नव्हतं. वर, त्याने आमची जुनी एसपीएफ नोंद पुसून फक्त स्वतःच्या सर्व्हरचं नाव घातलं होतं. म्हणून तर आमचे साधे मेलही अनोळखी ठरत होते.

नको म्हटलेले ते दोन लाख पत्तेही त्याने आमच्याच नावाने वापरले होते. बाजारात विकल्या जाणाऱ्या याद्यांमध्ये मेलेले पत्ते असतात, आणि मुद्दाम पेरलेले सापळ्याचे पत्तेही असतात. त्या सापळ्यांवर मेल गेला की पाठवणारा काळ्या यादीत जातो. आमचं डोमेन तसंच गेलं होतं. स्पॅमहॉस ही अशी यादी ठेवणारी मोठी संस्था आहे. तिथून नाव काढायला एक रुपयाही लागत नाही. कारण दुरुस्त करायचं आणि अर्ज करायचा. जो माणूस यासाठी पैसे मागतो तो दुसऱ्यांदा लुटतो आहे, हे पक्कं धरा.

मार्चमध्ये सगळ्यात वाईट गोष्ट कळली. यादी बनवताना मी त्यात एक खुणेचा पत्ता घातला होता: बहिणीच्या नावात एक जादा अक्षर घालून काढलेला, दुसरीकडे कुठेही न दिलेला. त्या पत्त्यावर इगतपुरीच्या प्लॉटचे, झटपट कर्जाचे, आणि हो, दुसऱ्या द्राक्षवाल्यांचेही मेल येऊ लागले. आमची यादी विकली गेली होती. ठाण्याच्या एक निवृत्त शिक्षिका २०१७ पासून दरवर्षी सहा पेट्या घेतात. त्यांचा फोन आला: “अहो, तुमच्या नावाने मला कर्जाचे मेल येतायत. तुम्ही माझा पत्ता कोणाला दिलात का?” मी दिला होता. चोराने कपाट फोडलं नव्हतं, किल्ली मीच हातात ठेवली होती. त्या बाईंनी पत्ता मला दिला होता, माझ्या द्राक्षांसाठी दिला होता, आणि तो पुढे द्यायचा मला काही एक अधिकार नव्हता. पैशाचं दुःख मागे पडलं, हे अजून जात नाही.

आम्ही १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन केला, सायबर क्राइमच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवली, यूपीआयच्या पावत्या, चॅट, तो खोटा रिपोर्ट, खुणेच्या पत्त्यावर आलेले मेल, सगळं जोडलं. परवानगीशिवाय माहितीची नक्कल करून नेणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांत बसणारा प्रकार आहे, म्हणून विक्रीचा तो मुद्दा तक्रारीत वेगळा लिहिला. कार्डावरच्या पत्त्यावर गेलो तर ती तासावर भाड्याने मिळणारी बसायची जागा निघाली. बिल नसल्याने फर्म कोणाची हेच सांगता येईना. जीएसटी क्रमांक मागितला असता तर पोर्टलवर एका मिनिटात कळलं असतं. पैसे अजून आलेले नाहीत.

आता आम्ही कसं पाठवतो तेही सांगते, कारण खर्च ऐकून मला रडू आलं होतं. लिस्टमंक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे, झिरोधा या शेअर ब्रोकर कंपनीच्या कैलाश नाध यांनी बनवलेलं. भाचीने ते एका छोट्या भाड्याच्या सर्व्हरवर बसवलं आणि पाठवण्याचं काम अ‍ॅमेझॉनच्या एसईएस या मेल पाठवण्याच्या सेवेला जोडलं. दर हजार मेलला दहा सेंट. जुनी पूर्ण यादी धरली तरी अकरा हजार चारशे पत्ते, वर्षाला चार मेल, म्हणजे पंचेचाळीस हजार सहाशे: साधारण साडेचार डॉलर. सर्व्हरचं भाडं वेगळं, पण तेही महिन्याला काहीशे रुपये, आणि हंगाम संपला की बंद करता येतं.

तिथे सुरुवातीला दिवसाला २०० च मेल पाठवू देतात. वाढवून मागितलं तर विचारतात: पत्ते कुठून आणले? परत आलेल्या मेलचं काय करता? कोणी नको म्हटलं तर नाव कसं काढता? मी ती उत्तरं लिहीत बसले होते तेव्हा लक्षात आलं, त्या मुलाने यातला एकही प्रश्न मला विचारला नव्हता.

बागेच्या बातम्यांच्या मेलसाठी आता वेगळं उपडोमेन (आमच्याच डोमेनची वेगळी शाखा) आहे, म्हणजे काही बिघडलं तरी रोजचा पत्रव्यवहार अडत नाही. डोमेनचा पासवर्ड बदलून माझ्याकडे ठेवला आहे. आणि मेमध्ये, दोन वर्षांत ऑर्डर दिलेल्यांनाच, थोडे-थोडे करत, एक मेल पाठवला. त्यात फोटो नव्हते, भाव नव्हता. काय झालं ते सांगितलं, माफी मागितली, आणि पुढे मेल हवे असतील तरच खालच्या दुव्यावर क्लिक करा असं लिहिलं. ३,१०० लोकांनी केलं. ठाण्याच्या बाई त्यात आहेत.

बाकीच्यांना आता मेल पाठवत नाही.

गेल्या आठवड्यात बहिणीच्या त्या खुणेच्या पत्त्यावर आणखी एक मेल आला. ‘सिंहस्थ कुंभमेळा २०२७ साठी खास. नाशिकशी जोडलेले पाच लाख प्रीमियम ईमेल पत्ते, अनलिमिटेड सर्व्हरसह. फक्त १८,०००.’ खाली फर्मचं नाव वेगळं आहे. फोन नंबर वेगळा आहे. डेमो फ्री आहे.