दुकानातून घेतलेला गेम आणि सक्तीचे ऑनलाइन ॲक्टिव्हेशन : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या दिवाळीत पुण्यातील एका दुकानातून मी संगणकावरचा एक गेम खोक्यासह विकत घेतला. चिपळूणजवळच्या आमच्या वाडीत ब्रॉडबँड नाही आणि मोबाइलच्या रोजच्या २ जीबी डेटावरच सगळी कामे चालतात, म्हणूनच डाउनलोड करण्यापेक्षा डिस्क घ्यावी, असा माझा हिशेब होता. तो पहिल्याच संध्याकाळी चुकला.

डिस्कवरून गेम इन्स्टॉल झाल्यानंतरही अकाउंट उघडणे, खोक्यातल्या चिठ्ठीवरचा कोड भरणे, कंपनीच्या सर्व्हरकडून मान्यता मिळवणे (हेच ॲक्टिव्हेशन) आणि वर २१ जीबींचे अपडेट उतरवून घेणे बंधनकारक होते. हॉटस्पॉटवर त्याला बारा दिवस लागले. खोक्याच्या मागे बारीक अक्षरांत इंटरनेट आवश्यक असल्याचे छापले आहे; परंतु डेटा किती लागेल, हे कुठेही लिहिलेले नाही. दुकानदारांनी सील फोडलेले खोके परत घेतले नाही, आणि त्यात मी त्यांना दोष देत नाही.

गेम स्वतः उत्तम आहे. हिवाळाभर मी तो मनापासून खेळलो, आणि म्हणूनच पुढे जे घडले त्याचा अधिक राग येतो.

जूनमध्ये वीज पडून संगणकाचा मदरबोर्ड जळाला. नवा बसवल्यावर गेमने तो संगणक ओळखलाच नाही आणि जुना कोड भरला, तर तो आधीच वापरला गेल्याचे उत्तर आले. ग्राहक सेवेने कोडच्या चिठ्ठीचा आणि मूळ बिलाचा फोटो मागितला. चिठ्ठी मी जपून ठेवली होती, पण बिल थर्मल कागदावरचे असल्याने सात महिन्यांत त्यावरची अक्षरे पूर्ण उडाली होती. शेवटी बँकेच्या खातेउताऱ्यावरून त्यांची खात्री पटली. तोवर सतरा दिवस गेले होते. त्यानंतर जुलैच्या अतिवृष्टीत टॉवर चार दिवस बंद होता, तेव्हा ऑफलाइन मोडची, म्हणजे इंटरनेटशिवाय गेम चालण्याची, मुदतही संपली आणि पूर्ण पैसे मोजलेला, एकट्याने खेळायचा गेम उघडेना.

ही पद्धत नवी नाही. २००४ साली ‘हाफ-लाइफ २’ या गेमची डिस्क घेणाऱ्यांनाही स्टीम या ऑनलाइन गेम-सेवेवर ॲक्टिव्हेशन करावे लागले होते. २००८ मध्ये ‘स्पोर’ला सुरुवातीला तीनच संगणकांची मर्यादा होती आणि ग्राहकांच्या संतापानंतर ती पाचवर नेली गेली. ‘द क्रू’चे सर्व्हर ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाले, तेव्हा ज्यांच्या कपाटात डिस्क होती त्यांनाही तो खेळता येईनासा झाला. माझ्या गेमचे सर्व्हर बंद करण्याचा निर्णय उद्या कोणी घेतला, तर माझ्या डिस्कचेही तेच होईल.

पायरसी रोखण्यासाठी एकदा तपासणी करणे मला मान्य आहे. मात्र ती एकदाच व्हावी आणि त्यानंतर गेम कायमचा ग्राहकाचा असावा. माझ्या जुन्या डिस्क भाच्याने हौसेने खेळल्या. हा गेमही तो मागतो आहे, पण कोड माझ्या अकाउंटला बांधलेला असल्यामुळे मला तो देता येत नाही.

ज्यांच्याकडे चोवीस तास खात्रीचे इंटरनेट नाही, त्यांनी असा गेम घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. घ्यायचाच असेल, तर बिलाचा आणि कोडचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवावा.