इशरवुडचं बर्लिन: आधी नॉरिस की आधी सॅली?

ख्रिस्तोफर इशरवुड हा इंग्रज कादंबरीकार वाचायला सुरुवात करायची म्हटली की बहुतेकांचा घोळ दोन पुस्तकांपाशी होतो: १९३५ मधलं 'मिस्टर नॉरिस चेंजेस ट्रेन्स' आणि १९३९ मधलं, सॅली बोल्स जिच्यात भेटते ते 'गुडबाय टू बर्लिन'. दोन्ही एकाच मोठ्या, कधीच पूर्ण न झालेल्या कादंबरीतून फुटून निघालेली. शहर तेच, हिटलर सत्तेवर येण्याआधीची वर्षं तीच, घरमालकीण फ्रॉइलाइन श्रोडरसुद्धा तीच. मी दोन्ही तीन-तीनदा वाचली आहेत. माझं माप कुठे झुकतं ते पुढे कळेलच, पण नॉरिसवर अन्याय होऊ नये असंही मनापासून वाटतं.

विकत घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आधीच सांगतो. अमेरिकेत पहिलं पुस्तक 'द लास्ट ऑफ मिस्टर नॉरिस' या नावाने निघालं आणि १९४५ मध्ये दोन्ही मिळून 'द बर्लिन स्टोरीज' हा खंड आला. नावं वेगळी दिसली म्हणून तेच पुस्तक दोनदा घेऊ नका.

गोष्ट हवी असेल तर नॉरिस. रेल्वेच्या डब्यात विल्यम ब्रॅडशॉ नावाचा तरुण समोरच्या अनोळखी माणसाकडे काडी मागतो आणि तेवढ्यानेच तो माणूस दचकतो. पासपोर्ट तपासणीची वेळ येईपर्यंत त्याला घाम फुटलेला असतो. हा आर्थर नॉरिस. डोक्यावर केसांचा टोप, दात खराब, वागणं मात्र खानदानी. त्याच्या बर्लिनमधल्या घराला शेजारी-शेजारी दोन दारं आहेत. एकावर लिहिलंय 'आर्थर नॉरिस, खाजगी' आणि दुसऱ्यावर 'आर्थर नॉरिस, आयात-निर्यात'. दोन्ही दारांतून माणूस आत एकाच घरात येतो, मध्ये फक्त एक पडदा. स्वतःला रोज नव्याने घडवणारा माणूस इतक्या कमी शब्दांत उभा केलेला मी फार ठिकाणी वाचलेला नाही. हा गृहस्थ कर्जात बुडालेला आहे, कम्युनिस्टांच्या सभेत भाषण करतो, त्यांची माहिती विकतो, स्वतःचाच सेक्रेटरी त्याला धमकावतो, आणि तरी तो समोर आला की पान उलटावंसं वाटतं. पहिल्या वेळी मी ते पुस्तक दोन बैठकांत संपवलं.

अडलो ते स्वित्झर्लंडच्या प्रकरणात. नॉरिस विल्यमला बॅरन फॉन प्रेग्निट्झ, म्हणजे कुनोबरोबर बर्फात सुट्टीला पाठवतो. कुनो समलिंगी आहे. एका डोळ्यावरच भिंग लावणारा, मुलांच्या साहसकथांत रमणारा, मनाने फार एकटा माणूस. त्याला तिथवर आणण्यासाठी विल्यम हे आमिष आहे. व्यवहार म्हणून विल्यमला जे सांगितलंय त्यात किती खोट आहे ते नंतर उघड होतं, ते ठीक. मला बोचलं ते वेगळंच. एक पुरुष आपल्यावर नजर ठेवून आहे, आपल्याला त्याच्यासाठी गळाला लावलंय, हे समजत असतानाही विल्यमला स्वतःला काय वाटतं यावर अक्षर नाही. ना आवड, ना किळस, ना भीती. मला वाटलं माझ्याकडून एखादं पान सुटलं. मी मागे जाऊन ते प्रकरण पुन्हा वाचलं. पान सुटलं नव्हतं. तिथे माणूसच नव्हता.

यामागचं कारण इशरवुडने स्वतः १९७६ च्या 'ख्रिस्तोफर अँड हिज काइंड' या आत्मकथनात सांगितलंय. निवेदक समलिंगी आहे असं लिहिलं तर वाचकाचं सगळं लक्ष त्याच्याकडेच जाईल, अशी त्याची अडचण होती. लोकापवादाची धास्तीही होती. निवेदकाला स्त्रियांमध्ये रस असलेला दाखवणं त्याला पटेना, म्हणून त्याने जागा रिकामी ठेवली. इंग्लंडमध्ये हे संबंध १९६७ पर्यंत गुन्हा होते, हे लक्षात घेतलं तर त्याला दोष देववत नाही. मी स्वतः समलिंगी आहे आणि कितीतरी वर्षं माझ्याच गोष्टी मी स्वतःला वगळून सांगत आलो. त्यामुळेच ती रिकामी जागा मला इतकी टोचली असेल. तुम्हाला कदाचित ती जाणवणारही नाही, आणि तसं झालं तर नॉरिस हे तुमच्यासाठी अतिशय रंजक पुस्तक ठरेल.

'गुडबाय टू बर्लिन'मध्येही निवेदक आपल्याबद्दल बोलत नाहीच. सुरुवातीलाच तो स्वतःला कॅमेरा म्हणवतो, नुसता टिपत जाणारा. या वेळी त्याचं नावच ख्रिस्तोफर इशरवुड आहे, आणि प्रास्ताविकात लेखक बजावतो की हा शब्दभ्रमकाराचा बाहुला समजा. पण इथलं गप्प राहणं वाचताना दिसतं. र्‍यूगेन बेटावरचा भाग घ्या. पीटर नावाचा इंग्रज आणि ओटो नोवाक हा बर्लिनचा कामगार घरातला पोरगा एकत्र राहतात. ओटो संध्याकाळी मुलींबरोबर नाचायला जातो आणि पीटर खोलीत जळत बसतो. ख्रिस्तोफर हे सगळं शेजारून पाहतो. शब्द एकही वावगा नाही, तरी हे प्रेम आहे हे कोणाला सांगावं लागत नाही. पुढच्या भागात ख्रिस्तोफर नोवाकांच्या घरी राहायला जातो. पैसे कमी पडले हे कारण पुस्तकात दिलंय, आणि ते कारण इतकं लंगडं आहे की खरं कारण मी पहिल्याच वाचनात ओळखलं. ओटोत खरा गुंतलेला होता तो इशरवुडच, हे त्याने १९७६ मध्ये मोकळेपणाने मान्य केलं.

सॅली बोल्सबद्दल लोकांच्या मनात आधीच एक चित्र असतं, ते १९७२ च्या 'कॅबरे' सिनेमातलं. ते बाजूला ठेवून वाचावं. सिनेमातली सॅली अमेरिकन आहे आणि लायझा मिनेलीच्या आवाजात अप्रतिम गाते. पुस्तकातली इंग्रज, एकोणीस वर्षांची, आणि गाणं बेताचंच. हिरव्यागार रंगवलेल्या नखांमुळे नजर नेमकी तिच्या हातांवर जाते, आणि ते हात सिगारेटच्या डागांनी पिवळे, लहान मुलीसारखे मळलेले असतात. प्रसिद्ध अभिनेत्री होण्याचं तिचं स्वप्न दर आठवड्याला नव्या पुरुषावर टेकलेलं. क्लाइव्ह नावाचा श्रीमंत अमेरिकन जग फिरवून आणण्याच्या गोष्टी करतो आणि एका सकाळी न सांगता निघून जातो. मग गर्भपात येतो. त्या पानांवर इशरवुड विनोद पुसूनही टाकत नाही आणि सॅलीची खिल्लीही उडवत नाही. ही कसरत सोपी नाही. ज्या जीन रॉसवरून सॅली सुचली ती पुढे पत्रकार झाली आणि स्पेनच्या यादवी युद्धाचं वार्तांकन केलं. सॅलीशी आपलं नाव जोडलेलं तिला आवडत नसे, आणि तिची बाजू मला पटते.

काळा विनोद दोन्हीकडे आहे, पण लांडाउअर या ज्यू कुटुंबाच्या भागात तो अंगावर येतो. बर्नहार्ट लांडाउअर गेल्याची बातमी ख्रिस्तोफरला कळते ती प्रागमधल्या उपाहारगृहात, शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी माणसांच्या गप्पांतून. मरणाचं कारण हृदय बंद पडणं. त्यावर दुसरा म्हणतो, आत गोळी शिरली तर कोणाचंही बंद पडेल.  मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो होतो.

गैरसोय आहेच. सहा सुटे भाग, त्यातले पहिला आणि शेवटचा डायरीसारखे, धागा हातात यायला वेळ लागतो. नोवाकांचं छपराखालचं कोंदट घर आणि क्षयाने खंगत चाललेली आई वाचताना जीव जड होतो. प्रवासात किंवा झोपण्याआधी हलकं काही हवं असेल तर नॉरिस बरा. माझ्या एका मैत्रिणीला मी आधी 'गुडबाय' दिलं आणि तिने चाळीस पानांत परत केलं. मग नॉरिस दिला, तो तिने हसत-हसत संपवला आणि आपणहून 'गुडबाय' पुन्हा मागून घेतलं. तेव्हा हा क्रमही चुकीचा म्हणवत नाही.

तरी मला विचाराल तर सहाही भाग ओळीने वाचायचा आग्रह नको. 'गुडबाय'मधला सॅलीचा भाग काढा. तो १९३७ मध्ये वेगळं पुस्तक म्हणूनही निघाला होता, एका संध्याकाळी होतो. तो आवडला तर र्‍यूगेन, मग बाकीचं, आणि नॉरिस त्यानंतर.

दोन्ही गोष्टी टपालावर येऊन थांबतात. नॉरिस परदेशातून कार्डं पाठवत राहतो, सेक्रेटरी पाठीशी लागल्याचं रडगाणं गातो आणि शेवटच्या पत्रात विचारतो की मी असं काय केलंय म्हणून हे माझ्या वाट्याला यावं. विल्यमकडे उत्तर नाही. सॅलीचं एक कार्ड पॅरिसहून येतं, एक रोमहून, दोन दिवसांत सविस्तर लिहिते म्हणून. मग सहा वर्षं काहीच नाही. आणि इथे तो कॅमेरा म्हणवणारा माणूस थेट तिच्याशी बोलायला लागतो: हे कधी तुझ्या वाचनात आलंच तर मला आणखी एक कार्ड पाठव.