रात्री साडेदहाचा डबा: वजनाच्या गटात नऊ महिने काढल्यावरचा अनुभव

गेल्या दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी मी सांगलीतल्या एका छोट्या गटात नाव घातलं. आम्ही अकरा जण, एक आहारतज्ज्ञ बाई आणि एक समुपदेशक. दर रविवारी सकाळी सातला आमराईत जमायचं, तासभर चालायचं आणि मग गोल बसून बोलायचं. तीन महिन्यांची फी साडेचार हजार. मी ती तीनदा भरली. पहिल्या महिन्यात लिहायला बसलो असतो तर नुसतं कौतुक लिहिलं असतं आणि पाचव्या महिन्यात नुसती तक्रार, म्हणून थांबलो होतो.

आकडे आधी सांगून टाकतो. सुरुवातीला वजन ९६.४ किलो, उंची १६८ सेंटिमीटर, कंबर ११२. एचबीएवनसी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, ६.२ होती. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. आज वजन ८६.९, कंबर १०३, एचबीएवनसी ५.८. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ३४ वरून ३१ च्या खाली आला. आपल्याकडे २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात आणि पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी म्हणतात, त्यामुळे अजून बरंच चालायचं आहे. पण हे साडेनऊ किलो गेले आणि परत आले नाहीत, हे माझ्यासाठी नवीन आहे.

कारण याआधीही वजन उतरवलं होतं. २०२१ मध्ये एका ओळखीच्या माणसाच्या आग्रहानं पावडर घेतली. दोन वेळचं जेवण बंद, त्याजागी ग्लासभर शेक. दोन महिन्यांत सात किलो गेले. पावडर संपल्यावर सहा महिन्यांत नऊ परत आले. मी का खातो, हे त्या दोन महिन्यांत मला कुणी विचारलं नाही, आणि मलाही ते विचारायचं असतं हे माहीत नव्हतं.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहे. सौदे, तोलाई, शेतकऱ्याची पट्टी, व्यापाऱ्याची उधारी, दिवसभर आकडे आणि माणसं. घरी यायला रात्रीचे नऊ वाजतात, हंगामात दहा. जेवण व्यवस्थित होतं. बायको शाळूची भाकरी, भाजी, आमटी गरम करून वाढते. पोट भरतं. आणि तरी साडेदहाच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात जायचो, दिवा न लावता ओट्यापाशी उभा राहायचो आणि भडंगाचा डबा काढायचो. झाकणाचा आवाज होऊ नये म्हणून अंगठा आत घालून ते हळूच उचलायचो. पहिल्या मुठीला लसूण, मिरची, शेंगदाणा सगळं जिभेला कळायचं. तिसऱ्या मुठीनंतर चव लागायची बंद व्हायची, पण हात चालूच राहायचा. डब्याच्या तळाचा तिखट चुरा बोटांना लागला की भान यायचं. मग घशात जळजळ, वर दोन पेले पाणी, आणि अंथरुणावर पडल्यावर स्वतःचा इतका राग की झोप लागायची नाही. सकाळी नाष्टा बुडवायचा, दुपारी कमी जेवायचं, रात्री पुन्हा तेच. हे दीड वर्ष चाललं होतं आणि घरात कुणाला माहीत नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

गटात पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोनशे पानी वही दिली. चार रकाने: वेळ, काय खाल्लं, भूक शून्य ते दहामध्ये किती, आणि खाण्याआधी काय चाललं होतं. पहिले दोन रकाने मी फोनमधल्या अॅपवर पूर्वी भरले होते. त्या अॅपला भडंग माहीत नव्हतं, थालीपीठ माहीत नव्हतं, आणि एक दिवस भरायचा राहिला की ते लाल रंगात दाखवायचं. वहीत लाल काही नाही. समुपदेशकांनी एकच अट घातली, की लिहिलेलं खोडायचं नाही आणि लिहिताना स्वतःला शिव्या द्यायच्या नाहीत.

तीन आठवड्यांनी त्यांनी वही माझ्यासमोर उघडी ठेवली. रात्री साडेदहाच्या प्रत्येक नोंदीसमोर भूक एक किंवा दोन. चौथ्या रकान्यात बहुतेक ठिकाणी मी "काही नाही" लिहिलं होतं. ते म्हणाले, "काही नाही असं नसतं. स्वयंपाकघरात जाण्याआधी तुम्ही कुठं असता?"

मी म्हणालो, बाहेरच्या खोलीत. टीव्हीवर बातम्या बघतो, त्या संपल्या की उठतो.

"एकटेच?"

आणि तिथं आमराईत, दहा जणांसमोर, मला बोलता येईना. कारण मी एकटा नसायचो. अण्णा असायचे. साडेदहाला बातम्या संपल्या की वडील म्हणायचे, "आण रे थोडं." मी भडंग ताटलीत काढायचो, वर कांदा चिरायचो, लिंबू पिळायचो, आणि आम्ही दोघं अर्धा तास बसायचो. फार बोलणं नसायचं. पाऊस कुठं किती झाला, यार्डात आवक काय, कोण आजारी आहे. दोन वर्षांपूर्वी श्रावणात अण्णा गेले. तेव्हा मी सगळ्यांची व्यवस्था बघितली, भावाला सावरलं, आईजवळ बसलो, चौदाव्या दिवशी दुकानात हजर झालो. रडलो नाही. त्यांची खुर्ची आजही टीव्हीसमोर आहे. तिच्या शेजारून उठून मी रोज डब्याकडे जात होतो.

हे कळलं म्हणून खाणं थांबलं असं झालं नाही. त्या रात्रीही मी खाल्लं. पण त्या दिवसापासून चौथ्या रकान्यात "काही नाही" लिहिणं थांबलं.

पोटाची भूक हळूहळू वाढते आणि समोर येईल ते चालतं. मनाची भूक एकदम येते, तिला ठरावीकच पदार्थ लागतो आणि पोट भरलं तरी ती भागत नाही. हे सांगायला सोपं आहे, रात्री अंधारात ओळखायला अवघड. त्यासाठी आम्हाला जोड्या लावून दिल्या होत्या. माझे जोडीदार मिरजेचे, एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. वयानं सत्तरीचे, आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ठरलं असं की डब्याकडे हात जायच्या आधी फोन करायचा, वेळ कुठलीही असो.

पहिला फोन करायला मला बारा दिवस लागले. लाज वाटत होती. मी म्हणालो, "काका, डबा समोर आहे."

"असू दे. आज दुपारी जेवलास का?"

"नाही, सौदे चालले होते."

"मग निम्मी भूक खरी आहे. ताटलीत मूठभर काढ, दिवा लाव, खुर्चीत बस, आणि बायकोला हाक मार. फोन ठेवू नकोस."

मी दिवा लावला. बायको उठून आली. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं कधीतरी दिवा लावाल." तिला सगळं माहीत होतं. दीड वर्ष ती डबा भरत होती आणि बोलत नव्हती, मी आणखी मिटून जाईन म्हणून.

समुपदेशक सांगतात की ही ओढ लाटेसारखी असते, वर चढते आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. काकांबरोबरचे माझे फोन साधारण तेवढेच चालतात. आम्ही खाण्याबद्दल फारसं बोलत नाही. ते जुन्या मुक्कामी गाड्यांबद्दल सांगतात. या नऊ महिन्यांत मी एकोणसाठ फोन केले, वहीत मोजलेत. त्यांनी मला सतरा केले, कारण त्यांचंही गोडाचं काही आहे, ते त्यांचं त्यांनी सांगावं.

आहाराचा भाग मी थोडक्यात उरकतो, कारण तो सगळीकडे मिळतो. एक गोष्ट मात्र उपयोगी पडली. आहारतज्ज्ञ बाईंनी अमेरिकेतला २००२ चा एक मोठा अभ्यास समजावला होता. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ज्या लोकांनी वजन सात टक्के उतरवायचं आणि आठवड्याला दीडशे मिनिटं व्यायाम करायचा एवढंच ध्येय ठेवलं, त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं. सात टक्के म्हणजे माझे पावणेसात किलो. तीस किलोचा डोंगर डोक्यात घेऊन हिंडणाऱ्या माणसाला पावणेसात हा आकडा किती हलका वाटतो, ते त्या दिवशी कळलं. दुसरं, दुपारचं जेवण चुकवायचं नाही. सौदे चालू असले तरी दीड वाजता दोन भाकऱ्या, उसळ आणि ताक. रात्रीची निम्मी लढाई दुपारी जिंकली जाते. आणि झोप. झोप कमी झाली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन घटतं, म्हणून उशिरा झोपलेल्या दिवसाच्या नोंदी वहीत वेगळ्याच दिसतात.

आता तक्रारी. पहिला आहारतक्ता आला त्यात ओट्स, ब्रोकोली, ऑलिव्ह तेल. यार्डात डबा नेणाऱ्या माणसाला याचा काय उपयोग? मी बोललो, दोघातिघांनी दुजोरा दिला, मग महिन्याभरानं भाकरी, पालेभाजी, मटकी आणि शेंगाचटणीचं प्रमाण असलेला तक्ता मिळाला. हे पहिल्या दिवशी व्हायला हवं होतं. दुसरी तक्रार मोठी आहे. गटाच्या व्हॉट्सअॅपवर दर रविवारी सगळ्यांची वजनं एका तक्त्यात टाकायचे. मिठामुळं, पाण्यामुळं वजन किलो-दीड किलो इकडंतिकडं होतं. आमच्यातल्या एका ताईंचं सलग तीन आठवडे वाढलेलं दिसलं आणि चौथ्या रविवारी त्या आल्या नाहीत, नंतरही नाहीत. त्यांना मी दोनदा फोन केला. ज्या लाजेपायी माणूस अंधारात खातो, तीच लाज तुम्ही तक्त्यात मांडलीत, असं मी बैठकीत स्पष्ट सांगितलं. तक्ता बंद झाला, पण ताई गेल्या त्या गेल्याच. हे मला आजही लागतं.

आणि हंगाम. फेब्रुवारी ते मे नव्या हळदीची आवक असते, रविवार सकाळसुद्धा हिशेबात जाते. माझ्या सहा बैठका बुडाल्या. वजन एप्रिलभर ९० वर अडकलं. व्यापारी, दुकानदार, शेतकरी यांच्यासाठी संध्याकाळची एक तुकडी असावी असं मी सुचवलंय, अजून झालेलं नाही.

जुलैबद्दल लिहिल्याशिवाय हे पुरं होणार नाही. आम्ही गावभागात राहतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, धोक्याची पातळी ४५ आहे. तेव्हा अण्णांना खांद्यावर घेऊन मी नावेत बसवलं होतं. तेव्हापासून कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली की माझ्या पोटात गोळा येतो. या जुलैत पाणी चढायला लागलं तेव्हा फोनवर तासातासाला पातळीचे आकडे येत होते. तीन रात्री सलग मी डबा उघडला, आणि एका रात्री तो रिकामा केला. वहीत लिहिलं: भूक शून्य, आधी काय चाललं होतं, पाणी.

चौथ्या दिवशी संध्याकाळी काका मिरजेहून आले. न विचारता. आम्ही दोघं पुलावर जाऊन उभे राहिलो. गढूळ पाणी खांबांना वळसा घालून चाललं होतं, शंभरेक माणसं कठड्याला टेकून ते बघत होती, कुणी फारसं बोलत नव्हतं. मी तिथं अण्णांसाठी रडलो, दोन वर्षं उशिरा. काकांनी पाठीवर हात ठेवला आणि तो काढला नाही. पाणी त्या वेळी धोक्याच्या खालीच राहिलं. त्या रात्री डबा जागचा हलला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा उघडला, मग पुन्हा नाही. असंच चालतं हे.

कुणी या वाटेनं जायचं म्हणत असेल तर एक नक्की सांगेन. आठवड्यातून एकदा तरी, तीन महिने किंवा जास्त, भरमसाट खाल्लं जातंय आणि स्वतःला थांबवता येत नाही अशी स्थिती असेल, तर तो आजार असू शकतो. डॉक्टरांच्या भाषेत बिंज ईटिंग डिसऑर्डर, आणि त्यावर उपचार आहेत. त्याला गट पुरत नाही. आमच्यातल्या एकाला समुपदेशकांनी सरळ मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं, आणि ते योग्यच केलं. डॉक्टरांकडे जायला धीर होत नसेल तर मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फोन फुकट आहे आणि मराठीत बोलता येतं. साखरेची गोळी चालू असेल तर जेवणात मोठा बदल करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

भडंग घरातून गेलेलं नाही. शनिवारी रात्री साडेदहाला बायको, लेक आणि मी बसतो. ताटलीत काढतो, कांदा, टोमॅटो, लिंबू. अण्णांच्या खुर्चीत आता लेक बसते. तीही यार्डातल्या आवकेबद्दल विचारते.

चौथ्यांदा फी भरली आहे. या खेपेला दोघांची.