कलिंगडाचं पान पिवळं पडलंय: केवडा, भुरी की मर?

उसाचा खोडवा (तोडणीनंतर फुटव्यांवर घेतलेलं पीक) तुटला की कोल्हापूरच्या शिरोळ-हातकणंगले भागात कलिंगडाची रोपं गाड्यांतून यायला लागतात. पीक ६५-७० दिवसांचं. त्यातले दहा दिवस चुकीच्या औषधात गेले तर सावरायला वेळच उरत नाही. चूकही बहुतेकांची एकच. पान पिवळं दिसलं की दुकान गाठायचं, दुकानदारानं दिलेल्या दोन पुड्या आणि एक बाटली एकाच पंपात ओतायची. मीही हे केलंय. पण केवड्याचं (पानाखाली लव धरणारा रोग) औषध भुरीवर (पानावर पांढरं पीठ धरणारा रोग) चालत नाही, आणि मर (मातीतल्या बुरशीनं वेल सुकणं) लागली तर फवारा काहीच करत नाही. म्हणून पैसे कशावर घालायचे हे पान बघून ठरवा.

केवड्याला पान ओलं लागतं. पंचगंगा-कृष्णेच्या काठच्या मळीत (नदीकाठच्या गाळाच्या रानात) जानेवारी-फेब्रुवारीत दव उशिरापर्यंत हटत नाही, तिथं तो आधी दिसतो. भुरीला पाण्याच्या थेंबाची गरज नसते. मार्चमधल्या कोरड्या हवेत, वेल दाटले की सावलीतल्या जुन्या पानांवर ती धरते. म्हणजे माळाच्या रानात केवड्याची भीती कमी, पण भुरी तिथंही सोडत नाही.

ओळखायचं तर सकाळी पान उलटा, दव असतानाच. काकडीवर केवड्याचे डाग शिरांमध्ये कोंडल्यासारखे चौकोनी असतात. कलिंगडावर ते वेडेवाकडे, लवकर तपकिरी-काळे पडतात आणि पानाची कड वर वळते. खालच्या अंगाला राखाडी-जांभळट लव दिसली की केवडा नक्की. भुरी बोटाला पिठासारखी लागते. पण कलिंगडावर हे पीठ कधीकधी इतकं विरळ असतं की नुसते पिवळे ठिपके दिसतात. माझी सगळ्यात जास्त फसगत इथंच झाली. आता खिशात भिंग असतं.

औषधं वेगळी का, त्यालाही कारण आहे. केवडा ही खरी बुरशीच नव्हे. तो पाण्यातल्या शेवाळाच्या गोतावळ्यातला. त्यामुळं भुरीवर चालणारं हेक्झाकोनॅझोल त्याला लागू पडत नाही. त्याच्यासाठी मेटॅलॅक्झिल, सायमोक्झॅनिल, डायमेथोमॉर्फ ही नावं, आणि ती भुरीला काही करत नाहीत. ॲझोक्सीस्ट्रोबिन दोन्हींवर चालतं, म्हणून दुकानात तेच पुढं केलं जातं. पण तेच ते मारत राहिलं की रोग त्याला सरावतो. भुरीवर स्वस्तात गंधक आहे, मात्र वेलवर्गीय पिकांना ते उन्हात भाजतं. मार्चमध्ये एकदा भर दुपारी मी गंधक मारलं. भुरी गेली, पण पानांच्या कडाही करपल्या.

आता स्पर्शजन्य घ्यायचं की आंतरप्रवाही? मॅन्कोझेब (लिटरला २ ते २.५ ग्रॅम) पानावर नुसतं बसतं. रोग यायच्या आधी मारलं तरच उपयोग, आणि वेलाला रोज येणारी नवी पानं उघडीच राहतात. आंतरप्रवाही पानात शिरतं, सुरुवातीचा रोग थोपवतं, पण महाग पडतं. मळीचं रान असेल तर मी वेल पसरायला लागताच, डाग दिसायची वाट न बघता मॅन्कोझेब सुरू करतो, आणि केवड्याचा पहिला डाग दिसला की मॅन्कोझेब मिसळलेलं आंतरप्रवाही. तेही हंगामात दोनदाच, आणि दुसऱ्यांदा वेगळ्या रासायनिक गटातलं. माळावर एवढा खर्च करत नाही. आठवड्यातून दोनदा पानं उलटून बघतो. फवारणी दोन्हीकडं संध्याकाळीच. कलिंगडाचं फूल सकाळी उमलतं, एकच दिवस टिकतं, आणि मधमाशी आली नाही तर फळ धरत नाही.

मरचं गणित वेगळं. दुपारी वेलाचा एकच फाटा मान टाकतो, संध्याकाळी सावरतो, आणि चार दिवसांत सगळा वेल बसतो. बुडाजवळ खोड विळ्यानं उभं चिरा. आतल्या शिरा तपकिरी दिसल्या तर मर. बाहेरून डिंकाचे थेंब असतील तर तो डिंक्या रोग, आणि शिरा स्वच्छ असतील तर आधी ठिबक किती तास चालतंय ते बघा. काळ्या रानात पाणी तुंबूनही वेल असेच बसतात. मरची बुरशी मातीत अनेक वर्षं तग धरते, म्हणून तिथला पैसा लावणीआधीच घालायचा. शंभर किलो शेणखतात किलो-दोन किलो ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला दाबणारी उपयोगी बुरशी) मिसळून, सावलीत ओलसर ठेवून, दहा-पंधरा दिवसांनी बेडवर टाका. त्यानंतर लगेच बुरशीनाशकाची आळवणी केली (औषधाचं पाणी बुडाशी ओतलं) तर ट्रायकोडर्माही मरतो, हे विसरलं जातं. उसानंतरचं रान यासाठी चांगलं. ही बुरशी उसाला रोग लावत नाही. पण गेल्या पाच वर्षांत तिथं कलिंगड मर लागून गेलं असेल तर दुसरं रान बघा, किंवा भोपळ्याच्या खुंटावर कलम केलेली रोपं मिळतात का ते विचारा. रोप महाग पडेल, पण अशा रानात ट्रायकोडर्मापेक्षा माझा भरवसा कलमावर जास्त.

एप्रिलमध्ये वळीव झोडपून गेला की फळांवर करपा या बुरशीच्या रोगाचे खोलगट डाग येतात. तेव्हा आधी पुडीवरचे काढणीपूर्व दिवस (फवारणी आणि तोडणीत ठेवायचं अंतर) मोजा. उरलेल्या दिवसांत ते बसत नसतील तर पंप घरीच ठेवा आणि तयार झालेली, डाग नसलेली फळं आधी तोडून शाहू मार्केट यार्डात पाठवा.