पेट्रोल एचटीपी पंप : दोन हिवाळे वापरून, खास थंडीतल्या स्टार्टिंगबद्दल

१६३ सीसी फोर स्ट्रोक इंजिनचा एचटीपी पंप, म्हणजे जास्त प्रेशरनं फवारणी करायचा पंप, मागच्याच्या मागल्या दिवाळीत घेतला. वावर महाबळेश्वरात लिंगमळ्याच्या अंगाला, अर्धा एकर स्ट्रॉबेरी. ताकद भरपूर, पेट्रोल बेताचं खातो, त्याबद्दल तक्रार नाही. लिहायचंय थंडीबद्दल, कारण विकताना दुकानदारानं त्यातलं अक्षरही सांगितलं नाही.

वेण्णा लेककडं दव गोठलं की लोक फोटो काढायला येतात, पण आम्हाला त्या दिवशी ऊन पडायच्या आत रोपांवर पाणी मारायचं असतं, म्हणजे पहाटे साडेपाचला पंप चालू व्हायलाच पाहिजे. पहिल्या हिवाळ्यात नेमका तेव्हाच अडला. चाळीसेक वेळा दोरी ओढली, खांदा भरून आला, चालू झाला तोवर ऊन वर आलेलं आणि कडेच्या दोन वाफ्यांतली फुलं मधोमध काळी पडलेली. अशा फुलाचं फळ धरत नाही, लई वाईट वाटलं.

मेकॅनिकनं कार्बोरेटरची वाटी उघडली तर तळाला पाण्याचे थेंब. कॅनमधलं पेट्रोल दोन महिन्यांचं होतं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतला ओलावा ओढतं आणि गारठ्यात पाणी वेगळं होऊन खाली बसतं. दुसरं म्हणजे ऑइल. आत एसएई ३० होतं, ते थंडीत घट्ट होतं म्हणून दोरी जड येत होती. १०डब्ल्यू-३० टाकल्यावर दोरीतला फरक हाताला लगेच कळला, त्यातला डब्ल्यू म्हणजे विंटरच.

आता पेट्रोल पंधरा दिवसांपुरतंच आणतो, संध्याकाळी टाकी भरून ठेवतो म्हणजे आत मोकळी हवा कमी राहून पाणी कमी धरतं, आणि चार दिवस काम नसेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवतो. प्लग काढून पुसतो. पंपातलं आणि पाइपातलं पाणी रात्री सोडून द्यायचं हे मात्र विसरू नका, गोठलं तर फुगून पंपाची बॉडी तडकू शकते.

पहाटे चोक पूर्ण लावून दोरी आधी हळू ओढायची, अडल्यासारखं वाटलं की मग झटका. चालू झाल्यावर चोक एकदम सोडायचा नाही, थोडा थोडा सोडायचा, आणि प्रेशर न देता दोन-तीन मिनिटं तसाच चालू द्यायचा. मी पहिल्यांदा लगेच प्रेशर चढवायचो आणि तो बंद पडायचा, मग परत पहिल्यापासून.

या हिवाळ्यात तिसऱ्या-चौथ्या झटक्यात चालू झाला, दव गोठलं त्या दोन्ही दिवशी सुद्धा. एक खटकतं, कार्बोरेटरच्या वाटीचा स्क्रू फ्रेमच्या दांडीमागं आहे, पान्हा धड बसत नाही, पाणी काढायला दर वेळी अर्धा तास जातो. घेणाऱ्यांनी दुकानातच पान्हा लावून बघा आणि पहिलं ऑइल १०डब्ल्यू-३० च मागून घ्या.